मदत हवी आहे: प्रोटेजेत वडीलच काका निघतात

मराठी नात्यांची ऑन्टॉलॉजी (संकल्पना आणि त्यांच्यातल्या संबंधांचं औपचारिक मॉडेल) ओडब्ल्यूएल २ या भाषेत, प्रोटेजे या एडिटरमध्ये बांधतोय. मूळ गुणधर्म फक्त पालक, त्याचा उलटा अपत्य आणि लिंग; बाकी सगळं साखळीतून, म्हणजे गुणधर्म एकापुढे एक जोडून (∘ ही जोडणीची खूण). पालक ∘ अपत्य ∘ स्वपुरुष → भाऊ, मग वडील ∘ भाऊ → काका. (स्वपुरुष म्हणजे प्रत्येक पुरुषाला स्वतःशीच जोडणारा गुणधर्म, पुरुष या वर्गावर हॅजसेल्फ ही ओडब्ल्यूएलची रचना लावून.)

अडचण अशी की पालकाकडे जाऊन अपत्याकडे परतलं की माणूस स्वतःवरच येतो. उदाहरणार्थ, माझ्या डेटातला जनार्दन स्वतःचाच भाऊ, म्हणून त्याच्या मुलीचा काकाही तोच. मामा आणि आत्या बरोबर येतात, कारण तिथे लिंगाची चाळणी आईला किंवा वडिलांना गाळते. मावशीत मात्र आईच येते. माय मरो मावशी उरो म्हणायचीही सोय नाही, दोघी एकच!

भाऊ इर्रिफ्लेक्सिव्ह (कुणीही स्वतःशी जोडला जाणार नाही असा) करता येत नाही: त्यासाठी गुणधर्म सिंपल, म्हणजे साखळीतून न आलेला लागतो, आणि डीएल (ओडब्ल्यूएलचा तर्कासाठी मर्यादित केलेला प्रकार) ते नाकारतं. एसडब्ल्यूआरएलमध्ये (ओडब्ल्यूएलसोबत चालणारी नियमांची भाषा) डिफरंटफ्रॉम, म्हणजे 'या दोन व्यक्ती वेगळ्या' ही अट घातली तर नियम चालतो, पण सर्व ४० व्यक्ती ऑलडिफरंट या 'सगळे वेगवेगळे' सांगणाऱ्या यादीत घातल्यावरच. वेगळी नावं म्हणजे वेगळी माणसं असं रीझनर (निष्कर्ष काढणारा प्रोग्राम) धरत नाही. नवीन व्यक्ती त्या यादीत टाकायची राहिली की तिची नाती गुपचूप गायब, एररही नाही.

भाऊ-बहीण स्पार्कल कन्स्ट्रक्टने (नवी विधानं तयार करणारी क्वेरी) स्वतःला वगळणारा फिल्टर लावून आधीच भरून ठेवावेत, की डीएलमध्येच काही वाट आहे? चुलतभाऊ, मावसभाऊ यांच्या लांब साखळ्या कुणी चालवल्या असतील तर रीझनर कोणता वापरलात?