लिमोजला दोन तास पुरत नाहीत

कुणीतरी लिहिलंय की फ्रान्समधल्या लिमोजला, म्हणजे पोर्सिलेनच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध शहरात, गाडी बदलताना दोन तासांत बशा-कप बघून घ्यावेत. मला हे अजिबात पटत नाही.

नुसती दुकानं पाहिली तर हे शहर कळतच नाही. अठराव्या शतकात जवळच्या सँ-तिरिए गावी केओलिन, म्हणजे शुभ्र चिनी माती सापडली आणि 1771 मध्ये लिमोजला पोर्सिलेनचा कारखाना निघाला. भट्ट्यांसाठी लाकूड व्हिएन नदीतून तरंगत यायचं. म्हणून दुकानांआधी नदीजवळची कासोची भट्टी पाहाच. 1884 सालची ही गोल, विटांची भट्टी, आत उभं राहून मान वर करावी लागते एवढी उंच. ज्वाळा आणि राख लागू नये म्हणून भांडी जाड मातीच्या डब्यांत घालून, डब्यांवर डबे रचत. ग्लेझची, म्हणजे काचेसारख्या चकचकीत लेपाची भाजणी सुमारे 1400 अंशांवर! हे पाहिल्यावर पातळ, उजेड आरपार जाणारा कप हातात घेताना आपोआप जपून धरला जातो.

मग आद्रियाँ द्युबुशे हे पोर्सिलेनचं संग्रहालय. त्याला निवांत अर्धा दिवस द्या. मध्ययुगीन मीनाकाम मात्र तिथे नाही, कॅथेड्रलशेजारच्या बिशपच्या जुन्या वाड्यात आहे. खाटकांची जुनी गल्लीही चुकवू नका.

ओरादूर-स्यूर-ग्लान इथून अगदी जवळ आहे. 10 जून 1944 रोजी नाझी सैन्याने तिथे सहाशेहून अधिक गावकरी मारले. ते उद्ध्वस्त गाव तसंच जपलंय. तिथे जाल त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका.