वॉशिंग्टनची परेड, आपला मुक्तिदिन आणि खर्चाचा हिशोब

मांडवीकाठ

लष्करी परेडवर एवढा खर्च करावा का, यावरून आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परत वाद पेटला म्हणून इथे सविस्तर लिहितो. १४ जून २०२५ ला वॉशिंग्टनात अमेरिकन लष्कराची परेड झाली, निमित्त लष्कराला २५० वर्षं झाल्याचं, आणि त्याच दिवशी ट्रम्प यांचा ७९ वा वाढदिवस. साडेसहा हजारांवर सैनिक, दीडशेच्या आसपास गाड्या, पन्नासेक विमानं-हेलिकॉप्टरं. लष्कराने आधी दिलेला अंदाज अडीच ते साडेचार कोटी डॉलरचा, म्हणजे आपले साधारण २१५ ते ३८५ कोटी रुपये. साठ टनांवरचे रणगाडे, रस्ता उखडू नये म्हणून वळणांवर लोखंडी प्लेटी टाकाव्या लागल्या. आणि तिकडे देशभर शेकडो ठिकाणी लोक त्याच दिवशी 'राजा नको' म्हणत रस्त्यावर उतरले.

ग्रुपवर एकाचं म्हणणं, सगळ्या परेडी बंद करा, पैसा शाळा-इस्पितळांना द्या. दुसरा म्हणाला सैन्यावरचा खर्च मोजतो तो देशद्रोही. मला दोन्ही पटत नाय. माझं म्हणणं एवढंच की आधी विचारा, सलामी कुणाला? १९९१ मध्ये त्याच शहरात आखाती युद्धानंतर परेड झाली, तेव्हा लढून आलेली माणसं चालत होती आणि लोक त्यांना बघायला आले होते. २०१८ ला मात्र परेडचा अंदाज ९ कोटी २० लाख डॉलरवर गेला तेव्हा ती गुंडाळली. म्हणजे 'हे नको' असं म्हणता येतं, म्हटलं म्हणून देश बुडत नाय.

आता आपल्याकडे या. १९ डिसेंबरच्या, म्हणजे गोवा मुक्तिदिनाच्या, एका कार्यक्रमात (कुठला ते सांगत नाय) मी डोळ्यांनी बघितलंय, नव्वदीचा स्वातंत्र्यसैनिक, डोक्यावर टोपी, हातात काठी, प्लास्टिकच्या खुर्चीत उन्हात बसलेला कारण पेंडॉलची सावली पुढच्या सोफ्यांपर्यंतच पोचत होती आणि सोफे पाहुण्यांसाठी राखीव. पाहुणे आले पाऊण तास उशिरा. संचलन एकदम फर्स्टक्लास झालं, बँड पण चांगला होता, पण ज्याच्यामुळे आपण तिथे उभे त्याच्याकडे कुणी पाण्याची बाटली पण नेली नाय. असली परेड फुकटात झाली तरी मला महाग वाटते.

सुभेदार (निवृत्त), सत्तरी

मांडवीबाब, खुर्चीचं म्हणता ते शंभर टक्के बरोबर, पण तो दोष आयोजकांचा, त्याचं खापर परेडवर का? आणि खर्चाचे आकडे लोक ज्या पद्धतीने फिरवतात ते मला अजिबात मान्य नाही. जवानाचा पगार परेड केली नाही तरी द्यायचाच असतो, पायलटला उडायचे तास भरायचेच असतात, ते परेडवरून उडून भरले तर बिघडलं काय? वरचा खर्च असतो तो वाहतूक, तंबू, जेवण, बंदोबस्त यांचा, तो जरूर मोजा.

तुम्ही कधी बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरला कसम परेड बघितली आहे का? एकदा जा. खेड्यातली आईबापं आलेली असतात, बाप इस्त्रीचा सदरा घालून, आईला कळत नसतं कुठे बघायचं, सगळी पोरं एकसारखीच दिसतात. पोरगा ध्वजासमोर शपथ घेतो आणि मग आईबापांच्या छातीवर गौरव पदक लागतं. तिथे मी रडताना बघितलेत असे बाप जे घरात कधी पोराशी धड बोलले नसतील. ह्याची किंमत कुठल्या रकान्यात लिहिणार? परेड नसती तर त्या बापाला कळलं असतं का पोराने काय केलंय ते? 'दाहिने देख' म्हटल्यावर शेकडो माना एका झटक्यात वळतात ना, तो दिखावा नाही, शेजारचा आपल्याबरोबर आहे हा भरवसा आहे आणि तोच वर चौकीवर कामाला येतो.

फोंडेकर

सुभेदारसाहेब तुमच्या भावनेबद्दल आदर आहे पण कसम परेड आणि राजधानीत रणगाडे फिरवणं या दोन वेगळ्या गोष्टी. पहिली जवानाची, दुसरी सत्तेची. वॉशिंग्टनच्या वेळी भरती वाढेल असं पण काहीजण सांगत होते, पण अमेरिकन लष्कराचं त्या वर्षाचं ६१ हजारांचं भरतीचं टार्गेट परेडच्या आधीच, जूनच्या सुरुवातीलाच पूर्ण झालं होतं. मग भरतीसाठी परेड हे कारण उरतंच कुठे?

गोव्याचंच बोलायचं तर २०२१ च्या केंद्रीय बजेटात मुक्तीच्या हीरकमहोत्सवासाठी ३०० कोटी जाहीर झाले होते. १९ डिसेंबरला पंतप्रधान आले, पणजीत मिरामार किनाऱ्यावर जहाजांचं संचलन आणि विमानांची सलामी झाली, गर्दी तुफान. त्याच दिवशी गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेज) सुपर स्पेशालिटी ब्लॉकचं आणि आग्वाद तुरुंगाच्या म्युझियमचं उद्घाटन पण झालं. आता तुम्हीच सांगा आज कामाला काय येतंय? इस्पितळात माणसं रोज जातात. आग्वादच्या कोठडीत पोरं उभी राहून बघतात की आपल्या माणसांना कुठे डांबलं होतं. विमानं गेली त्यांचा धूर पण दहा मिनिटांत गेला.

म्हापशाची बाय (शिक्षिका)

धूर गेला म्हणता, पण माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या डोक्यातून नाही गेला. ती त्या दिवशी मिरामारला होती, आता एनसीसीत आहे आणि पहाटे उठून एकटी धावायला जाते. घरचे म्हणतात बँकेची परीक्षा दे, तिला वायुसेनाच हवी. २०२४ च्या प्रजासत्ताक दिनाला कर्तव्यपथावर बायकांच्या तुकड्या चालल्या ते आम्ही शाळेत सगळ्यांना दाखवलं, मुली खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या. पुस्तकात लिहून हे होत नाही हो, बघावं लागतं. फोंडेकरभाऊ, इस्पितळ हवंच, पण मुलांना काहीतरी मोठं बघायला मिळणं हाही खर्च करण्यासारखाच विषय आहे असं मला अगदी मनापासून वाटतं.

माझा राग वेगळा आहे. प्रॅक्टिसच्या नावाखाली शाळेतल्या मुलांना तासन् तास उन्हात उभं करतात, चक्कर येऊन पडतात मुलं, आणि आदल्या दिवशी कळतं की भाषणं वाढली म्हणून कवायत कापली. ते बंद करा, परेड नव्हे.

काणकोणकर

सगळे पणजीबद्दलच बोलताय. अंजदीव बेट आमच्या काणकोण तालुक्यात येतं. ऑपरेशन विजयमध्ये, म्हणजे १९६१ च्या गोवा मुक्तीच्या लष्करी कारवाईत, तिथे सात नौसैनिक गेले. त्यांचं स्मारक वास्कोला आयएनएस गोमंतकमध्ये आहे. नौदल सलामी देतं, पण सामान्य गोंयकाराला विचारा, त्या सातांतलं एक नाव सांगता येईल का? आमच्या गावात तर कुणाला येत नाही. तसंच पत्रादेवीचं. १५ ऑगस्ट १९५५ ला तिथे गोव्याच्या हद्दीवर वीसहून जास्त सत्याग्रही पोर्तुगीज गोळ्यांनी मेले, हातात काठी पण नव्हती. पंजाबातल्या इसडू गावचा कर्नैलसिंग, उज्जैनचे राजाभाऊ महाकाळ, ही माणसं गोव्याची पण नव्हती आणि आपल्यासाठी आली. परेडमध्ये ही नावं एकेक करून माईकवर वाचायला किती खर्च येतो? दहा मिनिटं लागतात फक्त.

मांडवीकाठ

काणकोणकरबाब, मला हेच म्हणायचं होतं, तुम्ही चार ओळीत म्हणालात.

सुभेदारसाहेब, कसम परेडला माझा अजिबात विरोध नाही, उलट तुम्ही जे सांगितलं त्यात माझाच मुद्दा आहे, तिथे पदक बापाच्या छातीवर लागतं, मंत्र्याच्या नाही. बाय, मुलीचं वाचून बरं वाटलं, तिला सांगा नक्की फॉर्म भर. पण तिला लिबिया लोबो सरदेसाईंबद्दल पण सांगा. सहा वर्षं आंबोलीच्या आणि मग कॅसलरॉकच्या जंगलातून गुप्त रेडिओ चालवला, वामन सरदेसाईंबरोबर, आणि १९ डिसेंबर १९६१ ला विमानातून पत्रकं टाकत लाउडस्पीकरवरून गोवा मुक्त झाल्याचं लोकांना सांगितलं. पद्मश्री जाहीर झाली २०२५ च्या जानेवारीत, वयाची शंभरी उलटल्यावर! त्या विमानात रणगाडा नव्हता की तोफ नव्हती, एक बाई होती आणि एक बातमी, आणि ती बातमी खरी होती. फ्लायपास्ट करायचाच असेल तर त्या विमानाची आठवण म्हणून एक विमान उडवा, वरून पत्रकं टाका, त्यावर नावं छापा. त्या खर्चाला मी एका शब्दाने आडवा येणार नाही.

फोंडेकर

पत्रकांनी कचरा होईल ते सोडा, पण कल्पना चांगली आहे. मात्र मी माझ्या मुद्द्यावर ठाम, वरखर्चाचा हिशोब कार्यक्रमानंतर महिन्याभरात जाहीर झाला पाहिजे. किती बसेस, किती तंबू, किती जाहिराती. आमचा पैसा आहे, विचारायला लाज कसली.

सुभेदार (निवृत्त), सत्तरी

हिशोब मागा, मी पण सही करतो. पण एक विनंती, जाहिरातींच्या खर्चाची आणि जवानाच्या चालण्याची एकाच ओळीत बेरीज करू नका, ते वाचून त्रास होतो. आणि मांडवीबाब, मी तुमच्याशी अजून सहमत नाही, रणगाडा पण दिसला पाहिजे, लोकांना कळलं पाहिजे आपल्याकडे काय आहे, सीमेवरून आलेल्या माणसाला ते बघून धीर येतो.

नावांचं मात्र ह्या डिसेंबरच्या आधी करू. काणकोणकर, पत्रादेवीची पूर्ण यादी कुणाकडे आहे? मी मामलेदार ऑफिसात अर्ज घेऊन जातो, माजी सैनिकांच्या संघटनेतले चारपाच जण बरोबर येतील. पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांचं पण त्याच अर्जात लिहा, आणि सावलीचं.