कानबाईच्या मिरवणुकीत अनोळखी पोरं व्हिडिओ काढतात, काय करता येईल?

गल्लीतली_अक्का (अमळनेर)
आमच्या खानदेशात श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर जाते. बायका मोकळेपणाने फुगड्या घालतात, नाचतात. अलीकडे गल्लीशी काही संबंध नसलेली पोरं मोबाईल घेऊन अगदी पुढ्यात घुसतात, एकेकीवर झूम करतात आणि संध्याकाळपर्यंत भलत्याच गाण्यावर रील फिरायला लागते. हा गुन्हा आहे का? जागेवर काय करायचं, मोबाईल हिसकावला तर? आणि रील चढलीच तर उतरवायची कशी? ‘दुर्लक्ष करा’ हे उत्तर नको, ते घरीच मिळतं.

कोर्टाची_पायरी (धुळे)
अक्का, रस्त्यावर नुसतं चित्रीकरण करणं हा गुन्हा नाही, हे आधी पक्कं धरा. नाहीतर ठाण्यात पहिल्याच वाक्याला तक्रार ढिली पडते. गुन्हा ठरतो तो काय टिपलं, कसं टिपलं आणि त्याचं पुढे काय केलं यावर.

भारतीय न्याय संहितेचं (जुन्या आयपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम ७७ जिथे खासगीपणा अपेक्षित असतो तिथल्या चित्रीकरणाला लागतं: अंघोळ, कपडे बदलणं. उनपदेवच्या गरम पाण्याच्या कुंडावर कपडे बदलणाऱ्या बाईला ते लागू होईल, रस्त्यावरच्या फुगडीला नाही. पहिल्या वेळी शिक्षा १ ते ३ वर्षं. काढायला संमती होती पण पसरवायला नव्हती, तरीही हे कलम लागतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

आयटी कायद्याचं ६६ई मात्र सार्वजनिक जागीही चालतं. कपड्यांच्या आत डोकावणारा कॅमेरा भर बाजारात असला तरी गुन्हाच. तुमच्या प्रकरणात खरं उपयोगी कलम ७९: लज्जेचा अवमान करण्याच्या हेतूने शब्द, हावभाव किंवा खासगीपणात घुसखोरी. म्हणून रीलवरचं गाणं, मथळा आणि झूम कुठे केला आहे, हे तक्रारीत शब्दशः लिहा. ‘आमचा व्हिडिओ काढला’ एवढंच लिहिलं तर हाती काही लागत नाही. स्पष्ट नकारानंतरही एखादा कुणा बाईच्या पुन्हा पुन्हा मागे लागून संपर्क साधत असेल तर ७८. ‘पैसे दे, नाहीतर टाकतो’ म्हणाला तर ३०८, खंडणी.

भुसावळ_यार्ड
मोबाईल हिसकावू नका. फोडला तर नुकसानीचं कलम ३२४ तुमच्यावरच लागेल आणि तो पोरगा फिर्यादी होऊन बसेल. शिवाय दुसरा साथीदार हेच सगळं टिपत असतो. त्यांना भांडणच हवं असतं, त्याला जास्त बघणारे मिळतात.

एकच वाक्य, मोठ्याने, चार जणांना ऐकू जाईल असं: ‘दादा, माझा व्हिडिओ काढू नका, मला चालणार नाही.’ शिवी नको, कारण विचारणं नको. मग पाठ फिरवा. चेहरा नसलेली क्लिप त्यांच्या कामाची नसते. एकटी बाई असेल तर शेजारच्या दोघींनी मध्ये उभं राहावं.

काढलेलं पुसायला लावायचं असेल तर गॅलरीतून पुसणं पुरेसं नाही. आयफोनवर ‘रिसेंटली डिलीटेड’मध्ये ते ३० दिवसांपर्यंत राहतं. गूगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये, बॅकअप झालं असेल तर, ६० दिवस. तिथून, इन्स्टाच्या ड्राफ्टमधून आणि व्हॉट्सअॅपवर पाठवलं असेल तर तिथूनही काढायला सांगा. जबरदस्तीने फोन उघडायला लावायचा अधिकार मात्र आपल्याला नाही. आणि वर सांगितलेला गुन्हा घडला असेल तर पुसायला लावूच नका, तो पुरावा आहे. सरळ ११२ लावा. गाडीचा नंबर टिपा, पूर्ण. एमएच १८, १९ की ३९ एवढ्याने माणूस सापडत नाही. रेल्वे स्टेशनवर किंवा रेल्वेत घडलं तर १३९.

रील_उतरवा (जळगाव)
चढलेल्या रीलबद्दल. संतापून ती महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकणं ही सर्वांत मोठी चूक. तिचे व्ह्यूज आपणच वाढवतो. खाली शिव्यांची कमेंटही नको.

आधी लिंक कॉपी करा. मग स्क्रीनशॉट: खात्याचं नाव, मथळा, तारीख दिसली पाहिजे. पूर्ण रीलचं स्क्रीन रेकॉर्डिंग. हे सगळं झाल्यावरच रिपोर्ट, कारण रिपोर्टची कुणकुण लागली की खात्याचं नाव बदलतं. पुराव्याची मूळ फाईल फोनमध्येच ठेवा. कुणाला पाठवायचीच तर व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून, साधी पाठवली की ती दाबली जाते. कोर्टात साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू (फाईल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) भरावी लागते.

यूट्यूबवर प्रायव्हसीची तक्रार स्वतः त्या व्यक्तीने करायची, आपण कितव्या मिनिट-सेकंदाला दिसतो ते लिहून. बहुधा टाकणाऱ्याला ४८ तास दिले जातात. चेहरा धूसर केला तरी चालतं. कॉपीराइटची तक्रार करू नका. चित्रण त्याचं आहे, खोटा दावा आपल्यावरच उलटतो. तक्रार फेटाळली तर त्या कंपनीच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा. तिथेही समाधान झालं नाही तर निर्णय मिळाल्यापासून ३० दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं.

नग्न किंवा जोडतोड केलेलं चित्र असेल तर सायबरक्राईमच्या सरकारी पोर्टलवर महिला-बालकांच्या विभागात नाव न देताही तक्रार होते. १९३० हा पैशांच्या फसवणुकीचा नंबर आहे, तिकडे वेळ घालवू नका. ठाणं ‘आमच्या हद्दीत नाही’ म्हणालं तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता नोंदवायची फिर्याद, मागा (नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७३). ऑनलाइन माहिती दिली असेल तर ३ दिवसांत जाऊन सही करावी लागते.

गल्लीतली_अक्का
एका रीलमध्ये वीस जणी आहेत. एकीने तक्रार केली तर सगळ्यांची होते का?

रील_उतरवा (जळगाव)
यूट्यूबवर नाही. जिचा चेहरा ओळखू येतो तिने आपापली, आपापल्या सेकंदाची. अल्पवयीन मुलीची आई-वडील करू शकतात. ठाण्यात मात्र एकीची फिर्याद आणि बाकीच्या साक्षीदार, असं जमतं.

भुसावळ_यार्ड
पुढच्या वर्षी मंडळातर्फे एकीलाच चित्रीकरणाचं काम द्या आणि मिरवणूक निघताना माइकवर तसं सांगा. कायद्याने कुणी बांधला जात नाही, पण ‘मला माहीत नव्हतं’ ही सबब राहत नाही. बंदोबस्ताचे हवालदार असतील तर निघण्याआधीच त्यांच्या कानावर घाला.