हिरड्यांतून रक्त, हलणारे दात: सोलापूरकर, आपापले अनुभव सांगा

शेंगाचटणी (धागाकर्ता)

दसऱ्याच्या आधीची गोष्ट. कडक भाकरी नेहमीसारखी पुढच्या दातांनी मोडायला गेलो आणि खालचे मधले दोन दात भाकरीबरोबर पुढं आले. पडले नाहीत, पण हलले. दुखलं काहीच नाही. वय 44.

ब्रश करताना रक्त मात्र सहा-सात वर्षं येत होतं. बेसिनमध्ये गुलाबी थुंकी दिसली की मी ब्रश बदलायचो आणि रक्ताची जागा चुकवून घासायचो. हे नेमकं उलटं होतं. थर साचतो म्हणून तिथं सूज येते, सूज येते म्हणून रक्त येतं, आणि मी तीच जागा सोडून देत होतो.

नेहमीच्या डेंटिस्टनी हिरड्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं. (असा वेगळा डॉक्टर असतो हेच मला ठाऊक नव्हतं. पेरिओडॉन्टिस्ट म्हणतात, हिरड्यांत एमडीएस, म्हणजे दातांच्या डॉक्टरकीतलं पुढचं शिक्षण, केलेला.) त्यांनी खुणा केलेली एक बारीक बोथट सळई घेतली, दात आणि हिरडीच्या फटीत हलकेच घातली आणि आकडे सांगायला लागले. शेजारी एक मुलगी लिहून घेत होती. "तीन, दोन, तीन. तीन, तीन, चार." एका दाताला सहा ठिकाणी. 1 ते 3 मिलिमीटर म्हणजे ठीक, 4 किंवा जास्त म्हणजे खिसा तयार झालेला. पुढच्या दातांवर आल्यावर "पाच, सहा, पाच" झालं, आणि प्रत्येक आकड्यानंतर "ब्लीडिंग". ते ऐकताना बारावीचा निकाल ऐकल्यासारखं वाटलं.

एक्स-रेमध्ये त्या दोन दातांभोवतीचं हाड निम्म्याच्या आसपास गेलेलं. डॉक्टर म्हणाले, नुसती हिरडी सुजली असती तर पूर्ववत झाली असती, गेलेलं हाड बहुतेक ठिकाणी परत येत नाही, आता आहे ते टिकवायचं. चार बैठकांत बधिर करून हिरडीच्या खाली मुळांपर्यंत सफाई झाली. हलणारे दात आतल्या बाजूने शेजाऱ्यांना बांधले.

तुमच्याकडे कधी लक्षात आलं, काय केलं, काय चुकलं, लिहा. कुठल्याही दवाखान्याचं नाव नको, ना कौतुकाला ना तक्रारीला.

पूर्वभाग

माझी अम्मा विडी कामगार. चाळीस वर्षं सूप मांडीवर घेऊन पानं कापायची, विड्या वळायची. मशेरी घरचीच: तंबाखू तव्यावर काळा होईपर्यंत भाजायचा, ठसक्याने सगळी गल्ली खोकायची, मग चुरून डबीत. सकाळी एकदा, दुपारी एकदा, निजताना एकदा, बोटाने. दात घासायला म्हणून सुरू होतं आणि दिवसभराची सवय होते.

हिरड्या इतक्या वर सरकल्या होत्या की पुढचे दात लांब दिसायचे, मुळं उघडी. माठातलं पाणीसुद्धा झोंबायचं. ती म्हणायची, वयानं होतंय. ओठाच्या आत पांढरा चट्टा मला दिसला म्हणून सिव्हिलला नेलं. तुकडा तपासायला पाठवला. कॅन्सर निघाला नाही. ते आठ दिवस कसे गेले ते मलाच माहीत.

मशेरी सोडायला सगळ्यात मोठी अडचण दातांची नव्हतीच, पोटाची होती. "त्याच्याशिवाय सकाळी होतच नाही" हे तिचं ठाम मत. गरम पाणी, इसबगोल आणि माझी कटकट, असे दोन महिने गेले. आता डबीत बडीशेप असते. हिरड्या खाली आल्या नाहीत, येणारही नाहीत असं सांगितलंय. पण चट्टा फिका झालाय, तपासणी चालू आहे.

कारखान्यातला

मी उलट सांगतो. मला रक्त कधी आलंच नाही. रात्रपाळीला मागावर उभं राहायचं तर बिडी लागायचीच, दिवसाला एक बंडल. हिरड्या घट्ट, फिकट, मला वाटायचं एक नंबर आहेत. गेल्या वर्षी छातीच्या डॉक्टरनं दम दिला म्हणून मी बिडी सोडलो, आणि दोन-तीन आठवड्यांत ब्रशला रक्त! मित्र म्हणाला, "बघ बे, सोडलास आन् रोग लागलालाय." मी पुन्हा ओढायच्या बेतात होतो.

दातांच्या डॉक्टरनं सांगितलं की धुरानं हिरडीतल्या रक्तवाहिन्या आवळतात, आजार आत चालू असतो पण रक्त दिसत नाही. सोडल्यावर दिसायला लागतं. मागच्या दाढांना 7 निघालं. एक दाढ गेली, बाकी साफ केलो.

रिटायर्ड_कंडक्टर

मधुमेह बारा वर्षांचा. दर दोन-तीन महिन्यांनी कुठं ना कुठं हिरडीला गळू यायचं, फुटायचं, बरं वाटायचं. मी साखरेच्या आणि दातांच्या डॉक्टरांना एकमेकांबद्दल कधी सांगितलंच नाही. साखर जास्त असली की हिरड्या लवकर बिघडतात हे ऐकून होतो. हिरड्यांतल्या सुजेमुळे साखर आटोक्यात यायला त्रास होतो, हे नवीन होतं. गोळ्या त्याच ठेवून खोल सफाईनंतर तीन महिन्यांनी एचबीए1सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) 8.6 वरून 8.2 आलं. डॉक्टर म्हणाले, सगळं श्रेय सफाईला देऊ नका, पण सरासरी 0.3-0.4 चा फरक पडतो असं अभ्यासांत दिसलंय. आणि हो, शेंगा चटणी अजून खातो. फक्त नंतर चूळ आणि दातांच्या फटीतला ब्रश.

सातरस्ता

दात साफ केल्यावर फटी पडल्या आणि दात हलायला लागले असा माझा अनुभव आहे. सासऱ्यांचंही तेच झालं. म्हणून मी पुन्हा गेले नाही. कुणी पटवून देईल का?

दातांचीच_डॉक्टर

@सातरस्ता, तुमची शंका मला रोज ऐकावी लागते. टार्टर म्हणजे दातावर दगडासारखा घट्ट झालेला थर. तो फटीत बसतो, सुजलेली हिरडी त्यावर फुगलेली असते, आणि हाड गेलेल्या दातांना एकमेकांना चिकटवून ठेवतो. तो काढला, सूज उतरली, की जी फट आणि जो सैलपणा आधीपासूनच होता तो जिभेला कळतो. थोडे दिवस गारही लागतं. सफाईने निरोगी दात हलत नाहीत.

डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो यांच्या गटाने 12 जणांना दात घासणंच बंद करायला लावलं होतं, 1965 साली ते प्रसिद्ध झालं. 10 ते 21 दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि घासायला लागल्यावर आठवडाभरात उतरल्या. म्हणजे सुरुवातीची पायरी घरच्या ब्रशने मागे फिरते. हाडापर्यंत गेलं की फिरत नाही.

ब्रश मऊ, हिरडीच्या कडेशी तिरका, साधारण 45 अंश, जागच्या जागी हलकासा थरथरवायचा. मागाचा धोटा चालवल्यासारखा आडवा नाही! दोन दातांच्या मधे ब्रश पोचत नाही, तिथं फ्लॉस किंवा फटीचा छोटा ब्रश, आणि त्याचा आकार डॉक्टरकडूनच मापून घ्या. क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश सांगितलेल्या दिवसांपुरतंच. दात तपकिरी होतात, चव जाते. पेस्टनंतर लगेच वापरू नका, अर्धा तास जाऊ द्या.

माहेर_अक्कलकोट

पाचव्या महिन्यात दोन दातांच्या मधे हिरडीचा लाल गोळा आला, भुईमुगाच्या दाण्याएवढा. हात लावला की भळभळ रक्त. सासूबाई म्हणाल्या, पोटुशीनं दाताच्या डॉक्टरकडं जायचं नसतं. मी तीन आठवडे ऐकलं, मग गेले. मधले तीन महिने साफसफाईला उलट बरे असतात म्हणे. गोळा कापला नाही, आजूबाजूचा थर काढला. बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांत आपोआप बसला. सासूबाई आता जावेला स्वतः घेऊन गेल्या, हे मात्र सांगायलाच हवं.

पार्कचौक

बाबांच्या हिरड्या दातांवर चढल्या होत्या, पुढचे दात अर्धे झाकलेले. तीन ठिकाणी दाखवलं. तिसऱ्या डॉक्टरनी पहिला प्रश्न विचारला: बीपीची गोळी कुठली? अ‍ॅम्लोडिपिन. काही जणांच्या हिरड्या तिनं वाढतात. गोळी आमच्या मनानं बंद केली नाही, फिजिशियनकडून बदलून घेतली. सफाई आणि वेळ, सहा महिन्यांत बरंच उतरलं. दवाखान्यात जाताना गोळ्यांची पिशवी सोबत न्या, एवढंच.

भुसारगल्ली

माझी तक्रार आहे, नाव सांगत नाही. वीस मिनिटांच्या तपासणीत पाच दात काढून इम्प्लांट (हाडात बसवायचे कृत्रिम दात) लावा म्हणाले. सळई घातली नाही, आकडे नाहीत, साखर विचारली नाही. घरी येऊन रात्रभर हिशेब केला. दुसऱ्या ठिकाणी आधी खोल सफाई, मग दोन ठिकाणी हिरडी उघडून आतून साफ करून शिवली. पाचपैकी तीन दात सहा वर्षं झाली, चावतायत. दोन गेलेच. ते जायचेच होते असं आता मलाही वाटतं. पण पाच नव्हे.

गड्डा_प्रेमी

जत्रेत घेतलेलं लाल मंजन तीन वर्षं वापरलं. दात चकचकीत, मान डोलवत सगळ्यांना दाखवायचो. खरखरीत होतं, हिरडीच्या कडेला दात खाचला. दोन दातांत भरून घ्यावं लागलं. याहून जास्त सांगण्यासारखं नाही.

शेंगाचटणी

तीन महिने झाले, काल पुन्हा मोजणी झाली. लिहिणारी मुलगी तीच, मला ओळखलंही. "तीन, दोन, तीन. तीन, तीन, तीन." पुढचे पाच-सहा होते ते चारवर आलेत, "ब्लीडिंग" तीनदाच ऐकू आलं. @सातरस्ता, माझ्याही पुढं आता फट आहे, बोलताना हवा जाते. सवय होतेय.

मागच्या एका दाढेचा सहा मात्र तसाच आहे. तिथं हिरडी उघडून साफ करायचं ठरलंय. कडक भाकरी आता आमटीत कुस्करून खातो, बायको म्हणते शेवटी आजोबांवर गेलास. ऑपरेशनची तारीख गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या, यात्रेनंतरची मागून घेतलीय. डॉक्टर हसले आणि दिली.