विज्ञानकथेसाठी सल्ला हवा: सिकलसेल, मलेरिया आणि जनुकांची दुरुस्ती

कोरी_पाटी:
मंडळी, दिवाळी अंकासाठी विज्ञानकथा लिहायला घेतलीय. साल २०८०, गडचिरोली. जनुकं दुरुस्त करून सिकलसेल, म्हणजे लाल रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार, कायमचा संपवलाय. मग औषधांना दाद न देणारा मलेरिया येतो आणि ज्या एका पाड्याने दुरुस्ती नाकारली, तेवढाच तगतो. भात कुठे कच्चा राहिलाय, सांगा.

लॅबवाला_नागपूर:
पाया पक्का आहे. एएस, म्हणजे सिकलचं एकच जनुक असलेल्या वाहकांना फॅल्सिपेरम (सगळ्यात घातक प्रकारचा) मलेरिया सहसा जिवावर बेतत नाही. संशोधक ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत अभ्यास करून १९५४ मध्येच हे मांडलं. पण पाड्यात सगळेच एएस कसे असतील? एसएस, म्हणजे दोन्ही जनुकं सिकलची असलेली, आजारी पोरंही असणार, आणि त्यांना मलेरिया फार वाईट. तुमच्या 'तगलेल्या' पाड्यात आधी तीच दगावतील. हे गाळलंत तर कथा खोटी.
आणि 'कायमचा' म्हणजे कसा? २०२३ च्या अखेरीस ब्रिटन-अमेरिकेत मान्यता मिळालेल्या क्रिस्पर (जनुकं कापून बदलण्याचं तंत्र) उपचारात रुग्णाच्याच रक्त बनवणाऱ्या स्टेम सेल बाहेर काढून बदलतात, मग गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागतं. सिकलचं जनुक जागेवरच राहतं, पुढच्या पिढीत जाऊ शकतं. तुम्हाला थेट भ्रूणच दुरुस्त करावे लागतील.

रानभेंडी:
ते होईल हो. पण वाहकाला स्वतःला सहसा काहीच त्रास नसतो, तो दुरुस्तीच्या फंदात पडेल कशाला? माझं उत्तर: लग्न. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत तपासणी करून कार्डं देतात. दोघंही एएस निघाले तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस असण्याची शक्यता चारात एक. सल्ला म्हणून चांगलंच आहे. पण आमच्या नात्यात मुलगी एएस आणि मुलाची तपासणीच नाही, तरी सोयरीक मोडली! तेव्हा सक्ती सरकारची नको, सासरची दाखवा. 'दुरुस्त' शिक्का नसेल तर स्थळच येत नाही.
अवांतर: गडचिरोलीत पाडा नाही, टोला म्हणतात.

कोरी_पाटी:
टोला, बरोबर. बदलतो. ती सोयरीक कथेत घेऊ का? नाव-गाव येणार नाही.

रानभेंडी:
घ्या की. फक्त शेवटी तिला मलेरियातून वाचवून त्याला मारू नका. तिचं दुसरीकडे लग्न झालंय, दोन पोरं आहेत, मजेत आहे.