प्रति: सर्व्हर २०१९ ला लॅन ड्रायव्हर बसत नाही

विंडोज सर्व्हर २०१९ वर लॅनचा ड्रायव्हर (नेटवर्क चिप चालवणारं सॉफ्टवेअर) बसत नाही, या प्रश्नावर मदरबोर्डासोबत आलेलाच ड्रायव्हर परत टाका, असं वर एकाने सुचवलंय. विंडोज १० ला ते चालेल, सर्व्हरला नाही. आपल्याकडे बेळगावात उद्यमबागच्या वर्कशॉपांत काय, निपाणीच्या दुकानांत काय, टॅलीसाठी साध्या डेस्कटॉप बोर्डावर विंडोज सर्व्हर चढवतात, आणि त्या बोर्डांवर बऱ्याचदा इंटेलची आय२१९-व्ही ही नेटवर्क चिप असते. ही चिप डेस्कटॉपसाठीची, सर्व्हर आवृत्तीला इंटेल तिचा ड्रायव्हर देत नाही. म्हणून सेटअप 'ॲडॅप्टर सापडला नाही' म्हणतो. कार्ड खराब झालेलं नसतं, उगाच बदलू नका!

आधी डिव्हाइस मॅनेजरमध्ये लॅनचा हार्डवेअर आयडी (चिपची ओळख सांगणारा कोड) बघा. त्यात व्हेंडर, म्हणजे बनवणाऱ्या कंपनीचा क्रमांक, ८०८६ असेल तर इंटेल, १०ईसी असेल तर रियलटेक. आय२१९-व्ही निघाली तर ड्रायव्हर फाइल उलगडून घ्या, 'अपडेट ड्रायव्हर'मधल्या 'लेट मी पिक' मधून यादीतला आय२१९-एलएम (याच चिपचा सर्व्हरला चालणारा जोडीदार) हाताने निवडा आणि इशारा आला तरी पुढे जा. बहुतेक वेळा लॅन सुरू होते. पण हा तात्पुरता उपाय, अपडेटनंतर पुन्हा तपासावं लागतं. ज्या मशीनवर अख्ख्या दुकानाचा हिशेब आहे तिथे माझं मत स्पष्ट आहे: आय२१० चिपचं वेगळं पीसीआय एक्सप्रेस कार्ड घाला. त्याला सर्व्हरचा अधिकृत ड्रायव्हर मिळतो. स्थिर आयपी (मशीनचा न बदलणारा नेटवर्क पत्ता) मात्र त्यानंतरच द्या.