क्यू-शिराताकी स्थानक आणि एका विद्यार्थिनीची गोष्ट : खरे काय?

सांजवेळ :
नमस्कार. जपानमधील होक्काइदो बेटावर रेल्वेने केवळ एका शाळकरी मुलीसाठी एक स्थानक चालू ठेवले होते, ही गोष्ट २०१६ पासून आपल्याकडेही व्हॉट्सॲपवर फिरत आहे. माझ्या आठवीतल्या मुलीने ती शाळेत सांगण्यासाठी निवडली आहे. काही ठिकाणी त्या स्थानकाचे नाव कामी-शिराताकी, तर काही ठिकाणी क्यू-शिराताकी असे दिले आहे. ही एकाच स्थानकाची दोन नावे आहेत का? ते केव्हा सुरू झाले आणि का बंद पडले? वर्गासमोर तिच्याकडून चुकीचे काही सांगितले जाऊ नये, एवढीच इच्छा.

रूळवाटा :
ही दोन वेगळी स्थानके आहेत. शिन-असाहिकावा ते आबाशिरी या २३४ किलोमीटरच्या सेकिहोकु मार्गावर शिराताकी नावाची चार स्थानके ओळीने होती. कामी म्हणजे वरचे, मग नुसते शिराताकी, त्यापुढे क्यू म्हणजे जुने आणि शेवटी शिमो म्हणजे खालचे; आपल्याकडे बुद्रुक-खुर्द लावतात तसाच हा प्रकार समजा. ती विद्यार्थिनी क्यू-शिराताकीहून एनगारूच्या शाळेत जात असे. कामी-शिराताकीला मात्र दिवसभरात सकाळी ७.०४ ची जाणारी आणि संध्याकाळी ५.०८ ची येणारी अशा दोनच गाड्या थांबत, आणि त्याच वेळा त्या व्हायरल मजकुरात तिच्या शाळेच्या वेळा म्हणून आल्या. घोळ तिथूनच झाला.

दोन्हींचा इतिहासही निराळा आहे. डोंगरातला शेवटचा टप्पा पूर्ण होऊन १९३२ मध्ये मार्ग सलग झाला, तेव्हा कामी-शिराताकी सुरू झाले. त्याची लाकडी इमारत शेवटपर्यंत उभी होती. क्यू-शिराताकी हा १९४७ साली आसपासच्या वस्तीसाठी दिलेला तात्पुरता थांबा होता. फळ्या ठोकून केलेला आखूड फलाट आणि शेजारी लाकडी खोपट, एवढाच त्याचा पसारा. सरकारी रेल्वेचे विभाजन होऊन १९८७ च्या एप्रिलमध्ये प्रादेशिक कंपन्या आल्या, तेव्हा कुठे त्याला स्थानकाचा दर्जा मिळाला. मला तर मुलीच्या गोष्टीइतकीच ही चाळीस वर्षांची तात्पुरती सोय मोलाची वाटते.

उत्तरायण :
रूळवाटा यांनी नीट उलगडून सांगितले आहे. बंद होण्याविषयी थोडी भर घालतो. कामी, क्यू आणि शिमो ही तिन्ही स्थानके २६ मार्च २०१६ रोजी, होक्काइदोची शिनकान्सेन म्हणजे बुलेट ट्रेन सुरू झाली त्याच दिवशीच्या नव्या वेळापत्रकात, प्रवासी फारच थोडे उरल्यामुळे बंद झाली. जपानमध्ये शालेय वर्ष मार्चमध्येच संपते आणि रेल्वेचे मोठे वेळापत्रकही बहुधा मार्चमध्येच बदलते, म्हणून तिचे शिक्षण आणि स्थानक एकदमच संपले. त्या मुलीची अडचण कोणी ध्यानातच घेतली नसेल, असे मी म्हणणार नाही. पण तिचा संबंध नसलेली दोन स्थानकेही त्याच दिवशी गेली, हे मुलांना अवश्य सांगावे.

मी या मार्गाने एकदा एक्स्प्रेसने गेलो आहे. एनगारूला गाडीची दिशा उलटते, कारण तिथून पुढे जाणारा नायोरो मार्ग १९८९ मध्ये उखडला गेला. गाडी थांबताच सगळे प्रवासी उठतात, आपापली आसने फिरवतात आणि पुन्हा बसतात. शिमो-शिराताकी पूर्ण गेलेले नाही. एकेरी रुळावर गाड्यांच्या क्रॉसिंगसाठी ते अजून वापरतात, फक्त दारे उघडत नाहीत. कामिकावा ते शिराताकी हे ३७.३ किलोमीटरचे अंतर आता मधल्या एकाही स्थानकाशिवाय जंगलातून कापावे लागते.

सांजवेळ :
दोघांचेही मनापासून आभार. मुलीने नाव दुरुस्त केले आहे, आणि फळ्यांच्या फलाटाचे चित्र काढायला घेतले आहे.